जोन आर्मट्रेडिंगची पन्नास वर्षं कशी ऐकावीत

जोन आर्मट्रेडिंग ही ब्रिटिश गायिका, स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी आणि गिटार वाजवणारी. तिचा १९७२ चा पहिला अल्बम लावून क्रमाने पुढे जाऊ नका. सुरुवात १९७६ पासून करा. त्या वर्षीच्या, तिच्याच नावाच्या अल्बममध्ये 'लव्ह अँड अफेक्शन' आहे. ब्रिटनमध्ये ते गाणं पहिल्या दहांत पोहोचलं होतं.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. तिचा गळा खर्जाकडे झुकलेला आहे, आणि नेमका तोच भाग त्यात हरवतो. चांगले इअरफोन लावा. पहिल्यांदा नुसता आवाज ऐका, दुसऱ्यांदा नुसती गिटार, तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मुलींना गाणं शिकवते. आधी बंदिश पक्की करा, मग विस्ताराला हात घाला, हे आमच्याकडचं वळण इथेही लागू पडतं. चार दिवस हे एकच गाणं. मागून येणारा पुरुषाचा भरदार खर्ज आणि नंतरचा सॅक्सोफोन आपोआप वेगळे कानात भरू लागले, की समजा बैठक जमली.

आता मागे जा. जोनचा जन्म १९५० चा, कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर बासेतेर इथला. सातव्या वर्षी ती इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आईवडिलांकडे आली. वडिलांकडे गिटार होती, पण तिला हात लावायची मुभा नव्हती. गहाणवटीच्या दुकानात तिला एक गिटार दिसली, किंमत ३ पौंड. घरात तेवढे पैसे नव्हते. आईने दोन जुन्या बाबागाड्या दुकानात दिल्या आणि गिटार घरी आली. शिकवायला कोणी नाही, ती आपली आपण वाजवायला शिकली. तिच्या उजव्या हाताचा ठेका इतका ठाशीव का, हे मला या गोष्टीपासून उलगडलं. हे मनात ठेवून १९७२ चा 'व्हॉटएव्हर्स फॉर अस' लावा.

१९८० चा 'मी मायसेल्फ आय' झपाट्याचा आहे, कामं करतानाही ऐकता येतो. १९८३ चं 'ड्रॉप द पायलट' त्याच्याच जोडीला घ्या.

२००७ च्या 'इन्टू द ब्लूज'ला मात्र निवांत संध्याकाळ द्या. त्या अल्बममुळे बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या ब्लूज यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरणारी ती पहिली ब्रिटिश गायिका ठरली. तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. (त्याआधी, २००१ मध्ये, तिने ओपन युनिव्हर्सिटी या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेतली होती. माझ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थिनींना मी हे आवर्जून सांगते.) हा अल्बम संपला की लगेच पुन्हा १९७६ चं गाणं लावा. त्याच गळ्याला मधल्या तीस वर्षांनी काय दिलं, ते दोन ओळींत वहीत लिहून ठेवा.

त्यानंतर २०२१ चा 'कॉन्सिक्वेन्सेस' हा अल्बम घ्या. तिची पहिली सिम्फनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना, शेवटी ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये चिनेके वाद्यवृंदाने ती प्रथम सादर केली. तिथे जोनचा आवाज नाही, गिटारही नाही. वही मिटा, दिवा मंद करा आणि आतापर्यंत ओळखीचा झालेला तो ठेका व्हायोलिनमध्ये कुठे सापडतो का, ते शोधा.