३१ जुलैच्या आत एटीपीचा रिटन द्यायचाय? आधी तासांचा हिशोब मांडा

एटीपी म्हणजे अमेरिकेत एअरलाइनचा पायलट व्हायला लागणारं लायसन्स, आणि रिटन म्हणजे त्याची लेखी परीक्षा. ती ३१ जुलैच्या आत उरकावी का, हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत इतक्या जणांनी मला विचारलाय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी फ्लोरिडात विमान शिकवणारा इन्स्ट्रक्टर आहे, उड्डाणाचे साडेअकराशे तास झालेत, रिटन मागच्याच आठवड्यात दिला, त्यामुळे सगळं अजून ताजं आहे. आज मे २०१४ संपत आलाय, म्हणजे हातात दोन महिने आहेत, आणि दोन महिने या परीक्षेला भरपूर झाले फक्त ते नीट वापरले पाहिजेत.

आधी नक्की काय बदलतंय ते. १ ऑगस्ट २०१४ पासून मल्टिइंजिन (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानांच्या) एटीपीच्या लेखी परीक्षेला बसायच्या आधीच एटीपी-सीटीपी नावाचा कोर्स करावा लागणार, ३० तास वर्गात आणि १० तास सिम्युलेटरमध्ये, त्यातले ६ तास एअरलाइनवाल्या मोठ्या, खरोखर हलणाऱ्या सिममध्ये. खिशातून करायचा म्हटला तर काही हजार डॉलर. आणि ३१ जुलैपर्यंत? काहीच लागत नाही. इन्स्ट्रक्टरची सही नाही, तासांची अट नाही, साधारण दीडशे डॉलर फी भरा, सेंटरवर जा, पेपर द्या. म्हणून सगळे धावतायत. (सिंगल इंजिन एटीपीला हा कोर्स लागू नाही, पण एअरलाइनला त्याचा उपयोग नाही, म्हणून ते बाजूला ठेवू.)

पण धावायच्या आधी एक वही घ्या आणि हिशोब करा, कारण या सगळ्यात खरी मेख परीक्षेत नाही, तारखेत आहे. या रिटनचा निकाल २४ कॅलेंडर महिने चालतो. तेवढ्यात चेकराईड, म्हणजे उडवून दाखवायची परीक्षा, झाली नाही तर निकाल बाद, आणि मग सीटीपी करून परत रिटन द्यायचा. म्हणजे प्रश्न असा आहे की जुलै २०१६ संपायच्या आत तुमचे चेकराईडला लागणारे १५०० तास होतायत का. एव्हिएशनची चार वर्षांची मान्यताप्राप्त डिग्री असेल तर रिस्ट्रिक्टेड एटीपीला (कमी तासांत मिळणाऱ्या मर्यादित एटीपीला) १००० पुरतात, दोन वर्षांची असेल तर १२५०, मिलिटरीतून आलेल्यांना ७५०, आणि तिथे वय २१ चालतं, पूर्ण एटीपीला मात्र २३ पूर्ण लागतात.

माझ्या रूममेटचं उदाहरण देतो, नाशिकचा मुलगा, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच इकडे आला, आता ग्रीन कार्ड आहे. त्याचे ३१० तास झालेत, डिग्री एव्हिएशनची नाही, म्हणजे अजून ११९० हवेत. तो म्हणाला मी महिन्याला सत्तर तास उडतो. मी म्हटलं लॉगबुक काढ. वर्षाची सरासरी काढली तर ४८ निघाली, कारण उन्हाळ्यात इथे रोज दुपारी ढग चढतात आणि तीनच्या पुढचे सगळे धडे रद्द होतात, ते तो मोजतच नव्हता. ११९० भागिले ४८ म्हणजे जवळजवळ २५ महिने. आता बघा, त्याने घाईघाईने याच आठवड्यात पेपर दिला तर निकाल ३१ मे २०१६ ला संपतो, म्हणजे २४ महिने, हुकला. तोच पेपर जुलैत दिला तर ३१ जुलै २०१६ पर्यंत चालतो, म्हणजे २६ महिने, बसला. कॅलेंडर महिना धरतात ना, त्यामुळे १ जुलैला द्या नाहीतर ३१ ला द्या, संपायची तारीख तीच. माझं मत असं की ज्यांचे तास कमी आहेत त्यांनी जुलैचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरावा, पूर्ण मुदतही मिळते आणि चुकून नापास झालात तर परत बसायला दिवस उरतात. शेवटच्या आठवड्यावर अजिबात टाकू नका, तेव्हा सगळी अमेरिका सेंटरच्या दारात उभी असणार. स्लॉट मात्र आजच बुक करा. ज्यांचे तास वर्षभरात होणार आहेत त्यांना काही फरक पडत नाही, मी म्हणूनच मेमध्ये देऊन मोकळा झालो.

आणि नुसते १५०० बघू नका हो. त्यात ५०० क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याच्या उड्डाणाचे), १०० रात्रीचे, ७५ इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून उडवलेले) लागतात आणि नव्या नियमात ५० तास मल्टिइंजिनचेही. इन्स्ट्रक्टर लोकांचं इथेच अडतं, हजार तास झालेले असतात आणि त्यातले निम्मे एकाच धावपट्टीभोवती घिरट्या घालण्यात गेलेले. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते, एटीपीसाठीच्या क्रॉस कंट्रीला दुसरीकडे उतरावं लागत नाही, निघालेल्या जागेपासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपलीकडे जाऊन आलात तरी धरतात. तेव्हा जुनं लॉगबुक परत चाळा, बऱ्याच जणांना तिथे विसरलेले तास सापडतात.

ज्यांचे आज शंभर-दीडशे तास आहेत त्यांना मनापासून सांगतो, दीडशे डॉलर आणि महिनाभराची झोप वाचवा, तुम्हाला सीटीपी करावाच लागणार आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. तसंच जी पोरं स्टुडंट व्हिसावर आलीयेत आणि लायसन्स घेऊन भारतात परतणार आहेत त्यांनी या गर्दीत शिरूच नये, तिथे डीजीसीएचेच, म्हणजे तिथल्या विमान खात्याचेच, पेपर द्यावे लागतात, नेव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशन्स, तो वेळ त्या अभ्यासाला द्या.

आता अभ्यास. ८० प्रश्न, तीन तास, पास व्हायला ७० टक्के म्हणजे ५६ बरोबर. एका प्रश्नाला सव्वादोन मिनिटं येतात. रेग्युलेशनचा प्रश्न वीस सेकंदात सुटतो आणि चार्टचा एकेक प्रश्न आठ मिनिटं खातो, तेव्हा ही सरासरी डोक्यात नका ठेवू, आधी सोपे सगळे उरकून घ्या, गणितं शेवटी. पेपर दोन प्रकारचे आहेत, पार्ट १२१ चा (एअरलाइनचे नियम) आणि पार्ट १३५ चा (चार्टर आणि छोट्या सेवांचे), सर्टिफिकेट दोन्हीतून तेच मिळतं. एअरलाइनला जायचं असेल तर १२१ चा द्या, कारण तेच नियम पुढे नोकरीत रोज लागणार आहेत.

प्रश्नांची बँक मिळते, शेपर्ड एअर, ग्लाइम, एएसए, ज्याला जे झेपेल ते. नुसती बरोबर उत्तरं पाठ करून लोक नव्वदच्या वर मार्क काढतात हे खरं आहे, मी नाकारत नाही, आणि बँक मीही वापरली. पण पहिले दोन आठवडे बँकेला हात लावू नका असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. त्या दोन आठवड्यांत गणितं हाताने करा, कागदावर, कंटाळा येईपर्यंत.

एक करून दाखवतो. बोइंग ७२७ चं वेट अँड बॅलन्स, म्हणजे वजन आणि तोलाचं गणित, हमखास येतं. पुढचा होल्ड (सामानाचा कप्पा) ६८० इंचांवर, मागचा ११६६ वर, म्हणजे अंतर ४८६. समजा विमानाचं वजन ९०,००० पौंड आहे आणि २,००० पौंड सामान पुढून मागे हलवलं. २,००० गुणिले ४८६ भागिले ९०,०००, उत्तर १०.८ इंच, तेवढा सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) मागे सरकला. प्रश्नात मात्र उत्तर टक्क्यांत मागतात, म्हणून त्याला मॅकच्या (पंखाच्या सरासरी रुंदीच्या) लांबीने, १८०.९ ने भागा, आले ५.९७ टक्के. आधी २५ टक्क्यांवर असेल तर आता जवळपास ३१. झालं. निम्म्या लोकांची चूक शेवटच्या पायरीवर होते, ते १०.८ च २५ मध्ये मिळवतात, आणि ३५.८ हे उत्तर पर्यायांत दिसलं की माणूस खुशाल टिक करून पुढे जातो. अशी पंधरावीस गणितं झाली की हात आपोआप चालतो.

हायड्रोप्लेनिंग, म्हणजे ओल्या धावपट्टीवर टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग, त्याहून सोपं. टायरच्या प्रेशरचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉट्समध्ये. प्रेशर १४४ असेल तर १२ नव्वे १०८. हा फुकटचा मार्क आहे, सोडू नका.

रेग्युलेशनमधले आकडे मी गाडीत जाता-येता स्वतःशी मोठ्याने म्हणायचो. डोमेस्टिकला डेस्टिनेशनपर्यंतचं, मग ऑल्टरनेटपर्यंतचं (पर्यायी विमानतळापर्यंतचं), वर ४५ मिनिटांचं इंधन. डेस्टिनेशनला पोचायच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत सीलिंग (ढगांची उंची) २००० फूट आणि व्हिजिबिलिटी ३ मैल असेल तर ऑल्टरनेट लागत नाही. टेकऑफ ऑल्टरनेट (निघालेल्या विमानतळावर परतता आलं नाही तर जायची जागा) दोन इंजिनाच्या विमानाला एका तासाच्या आत, तीन किंवा जास्त इंजिनं असतील तर दोन तासांच्या, तेही एक इंजिन बंद धरून आणि वारा शून्य धरून. सीनियर लोकांकडून जुन्या नोट्स घेताना मात्र जपून, या वर्षीच्या ४ जानेवारीपासून प्रवासी एअरलाइनला पार्ट ११७ लागू झालाय, ड्यूटी आणि विश्रांतीचे जुने आकडे पाठ केलेत तर ते नोकरीत परत विसरावे लागतील.

स्टॉल (पंखांची उचल तुटणं) आणि हाय अल्टिट्यूडचा भाग मात्र बँकेतून पाठ करू नका, पुस्तक उघडून वाचा, एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याची, हँडबुकं फुकट मिळतात. हा अख्खा बदल जिथून सुरू झाला ती रात्र आठवा, १२ फेब्रुवारी २००९, बफेलोजवळ कोल्गन एअरचं ३४०७ पडलं, विमानातली ४९ माणसं आणि खाली घरातला एक. अप्रोचला वेग उतरत गेला, स्टिक शेकर (स्टॉलचा इशारा देणारा योकचा थरकाप) लागला, आणि कॅप्टनने नाक खाली सोडायच्या ऐवजी योक (विमानाचं स्टिअरिंग) मागे ओढला. दोघाही पायलटांचे तास १५०० च्या वर होते. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला, गेल्या जुलैत नियम आला, आणि आपण ज्या कोर्सच्या आधी पेपर उरकतोय त्या कोर्समध्ये नेमकं हेच शिकवणार आहेत. कोर्स चुकला तरी विषय चुकू देऊ नका. मी माझ्या विद्यार्थ्यांना दर स्टॉलच्या धड्याला विचारतो, वॉर्निंग वाजली की पहिली हालचाल कुठली, आणि तोंडाने नाही, हाताने दाखव म्हणतो.

तिसऱ्या आठवड्यात बँक सुरू करा, चौथ्यात रोज एक पूर्ण मॉक, घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. सलग तीन वेळा ८५ च्या वर आलात की बास.

परीक्षेच्या दिवशी ओळखपत्राची काळजी घ्या, आणि हे आपल्या लोकांना जास्तच लागू. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि ते पासपोर्टवर एक, एफएए सर्टिफिकेटवर दुसरं, बुकिंगवर तिसरं असं होऊन बसतं. माझ्या ओळखीतल्या एकीला लग्नानंतरच्या नावामुळे सेंटरवरून परत पाठवलं, गेला तो दिवस आणि पेट्रोल. तिन्हीकडे स्पेलिंगसकट एकच नाव आहे ना ते आज रात्रीच बघा, बदलायला वेळ लागतो. पासपोर्टबरोबर पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्सही न्या. कॅल्क्युलेटर चालतो, इलेक्ट्रॉनिक ई-६-बी (पायलटांचा खास कॅल्क्युलेटर) चालतो, पण त्यात साठवलेलं सगळं पुसून न्या.

माझं सेंटर म्हणजे एका छोट्या एअरपोर्टच्या ऑफिसामागची खोली होती, एक टेबल, एक कॉम्प्युटर, बाहेर विमानांचा आवाज. चार्टच्या पुस्तकावर लिहू देत नाहीत, पण वर ठेवायला पारदर्शक प्लास्टिकचा कागद आणि मार्कर मिळतो, तो मागून घ्या आणि रेषा त्याच्यावर ओढा. नुसत्या नजरेने रेष धरायला गेलं की बोट एक ओळ वर सरकतं आणि आपल्याला कळतही नाही, घरच्या पहिल्या मॉकमध्ये माझे तीन प्रश्न असेच गेले होते.

नापास झालात तर रडत बसू नका. इन्स्ट्रक्टरकडून चुकलेल्या भागाची शिकवणी घ्या, त्याची सही घ्या, नापासचा मूळ रिपोर्ट बरोबर न्या आणि परत बसा. हे सगळं ३१ जुलैच्या आत बसवायचंय, म्हणूनच पहिला आठवडा म्हणतोय.

पास झालात की रिपोर्टवर सेंटरचा उठावाचा शिक्का उमटलाय का ते बोट फिरवून तिथेच बघा. चेकराईडला तोच मूळ कागद मागतात. मी त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या, मूळ कागद प्लास्टिकमध्ये घालून लॉगबुकच्या मागच्या कप्प्यात ठेवलाय, आणि कव्हरवर मोठ्या अक्षरात संपायची तारीख लिहिलीय, ३१ मे २०१६.