लॅटिना मायलेकींचा व्यायामवर्ग कसा उभारावा

अमेरिकेत लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलींसाठी व्यायामाचा उपक्रम आखताना आयोजक बहुतेकदा मुलीचे नाव नोंदवतात, संमतीपत्रावर आईची सही घेतात आणि तिला बाकावर बसवून ठेवतात. वास्तविक ९ ते १२ या वयात मुलगी वर्गाला येणार की नाही हे बहुधा आईच ठरवते आणि घरात स्वतःसाठी सर्वांत कमी सवडही तिलाच असते. म्हणून नोंदवहीत दोघींची नावे स्वतंत्र लिहावीत आणि हजेरीही दोघींची घ्यावी. नोंदणी अर्जात स्थलांतरविषयक कागदपत्रांबाबत एकही प्रश्न नसावा. तसा प्रश्न दिसला तर काही कुटुंबे पुन्हा फिरकणार नाहीत.

उद्दिष्ट ठरवताना अमेरिकी सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना पुरेशा आहेत. त्यांनुसार ६ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज किमान ६० मिनिटे, तर प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. सलग १० मिनिटांची हालचालच मोजावी ही जुनी अट या सूचनांत राहिलेली नाही, त्यामुळे बसथांब्यापर्यंत भराभर चालत जाणेही जमेस धरता येते. दिवसभर हॉटेलच्या खोल्या साफ करून दमलेल्या आईला हे आवर्जून सांगावे.

वेळ आयोजकांच्या सोयीने नव्हे, तर आयांच्या कामाच्या पाळ्या विचारून ठरवावी. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे धाकट्या भावंडांची सोय. ती नसेल तर आई घरी राहते, किंवा भावंडांना सांभाळायला मोठी मुलगी घरी राहते, म्हणजे जिच्यासाठी वर्ग काढला तीच गैरहजर. शेजारच्या खोलीत एक विश्वासू बाई आणि थोडी खेळणी असली तरी काम भागते. जागा पायी जाण्याजोगी असावी. चर्चचे सभागृह किंवा शाळेची व्यायामशाळा चालेल. कॅलिफोर्नियात तर शाळेचे सभागृह व मैदान सामुदायिक कामासाठी मागण्याची तरतूद कायद्यातच आहे.

वर्ग चालवायला त्याच वस्तीतली प्रोमोतोरा, म्हणजे समाजातूनच पुढे आलेली आरोग्यसेविका, मिळाली तर उत्तम. सूचना स्पॅनिशमध्ये द्याव्यात आणि मुलींना हवे तिथे इंग्रजीची जोड द्यावी. मुलीला आईची दुभाषी मात्र करू नये, कारण मग दोघींपैकी एकीचाही व्यायाम होत नाही. ग्वातेमालातून आलेल्या काही माया कुटुंबांची घरची भाषा स्पॅनिश नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

लॅटिना म्हटले की साल्सा नाच, हा आयोजकांचा लाडका समज आहे. मेक्सिकन, पोर्तो रिकन आणि साल्वादोरन घरांच्या आवडी वेगळ्या असतात आणि कित्येक मुलींना नाचापेक्षा फुटबॉल हवा असतो, तेव्हा आधी विचारावे. नाच ठरलाच, तर सुरुवात संथ कुंबिया नाचाने करावी, मग मेरेंगे या जलद नाचावर वेग वाढवावा. या वेळी मायलेकींना एकमेकींशी बोलायला लावावे: बोलता येते पण गाता येत नाही, तर श्रम मध्यम आहेत, दोन-चार शब्दांनंतरच दम घ्यावा लागला, तर ते जोरकस झाले. त्यानंतर मुलींनी दोरीवरच्या उड्या माराव्यात, कारण मुलांना आठवड्यातून किमान ३ दिवस हाडांना बळकटी देणारा व्यायाम हवा. आयांनी भिंतीला हात टेकवून जोर काढावेत. शेवटी पाच मिनिटे अंग सैल करावे.

वजनकाटा वर्गात आणूच नये. वयात येऊ लागलेल्या मुलीचे शरीर बदलत असते. आईने किंवा प्रशिक्षिकेने सहज म्हटलेले 'जरा बारीक होशील' हे तिला वर्गातून कायमचे घालवू शकते. मधुमेहाचा धोका लॅटिनो समाजात सरासरीहून अधिक आहे, पण ते आयांशी वेगळे बोलावे; मुलींसमोर ताकद, दम आणि झोप यांचीच भाषा ठेवावी. सैल टी-शर्ट चालतो हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि स्पोर्ट्स ब्राबद्दलची माहिती आयांमार्फत द्यावी.

वर्ग नसलेल्या दिवसांसाठी प्रत्येक जोडीने स्वतःच एक छोटे काम निवडावे आणि त्याची आठवण मुलीने आईला करून द्यावी. फीनिक्ससारख्या कडक उन्हाच्या शहरात उन्हाळ्यात ते पहाटे किंवा घरातच करावे. लॉस एंजेलिसमध्ये २०१० पासून सिक्लाव्हियाच्या दिवशी रस्ते मोटारींना बंद होतात; तेव्हा सगळ्या जोड्यांना एकत्र सायकलवर किंवा पायी नेता येते. उपक्रमाचा निधी संपण्याच्या बराच आधी दोन-तीन आयांना वर्ग घेण्याचे शिक्षण द्यावे, गाण्यांची यादी त्यांच्या फोनवर उतरवून द्यावी आणि सभागृहाचे आरक्षण त्यांच्यापैकी एकीच्या नावावर करावे.