तंबोऱ्याचा सा सोडताना

बारा वर्षं शास्त्रीय शिकून मी जॅझकडे वळले. वाटलं, गळा तयार आहे, आता गाणी बसवायची. पहिल्याच कार्यक्रमात तोंडघशी पडले. मी हरकती घेतेय आणि पियानोवाला मान खाली घालून एकच सूर परतपरत वाजवतोय. तो मला खूण करत होता हे मला घरी आल्यावर कळलं.

तो सूर नीट समजून घ्या. गाणं जी मायनरमध्ये, म्हणजे सा पांढरी पाचचा. माझा नी कोमल. पण सावर परतण्याआधी डी सेव्हन कॉर्ड (एकदम वाजणारे चार सूर) येतो आणि त्याच्या पोटात एफ शार्प असतो, म्हणजे आपला शुद्ध नी. मी कोमल नीवर ठाण मांडून बसले होते. तंबोऱ्यापुढे तो सूर बिनचूक ठरला असता, इथे तो कॉर्डशी भांडत होता. (मुरलेले गायक तोच सूर शार्प नाइन, म्हणजे कॉर्डवर चढवलेला जादा सूर, म्हणून मुद्दाम लावतात, पण तिथून कुठे उतरायचं हे त्यांना ठाऊक असतं.) आपला सा जागचा हलत नाही, जॅझमध्ये पायाचा सूर दर एक-दोन मात्रागटांना बदलतो. शास्त्रीयवाल्यांनो, कान इथेच फसतो.

उपाय कंटाळवाणा आहे. शब्द बाजूला ठेवा आणि नुसता बेस, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या कॉर्डांचे पायाचे सूर, गा: ए, डी, जी. मग प्रत्येक कॉर्डचा तिसरा सूर. मला सहा महिने लागले. उशीर झाला म्हणून घाबरू नका, कान नक्की वळतो.

कॅरिओके ट्रॅकवर रियाज करू नका. ट्रॅक तुमचं ऐकत नाही. गुरूही शक्यतो गायक नको, बेस किंवा पियानो वाजवणारा बघा. गायकाची नक्कल फार लवकर जमते. आणि स्वतःच्या पट्टीतला चार्ट (गाण्याच्या कॉर्डांचा कागद) लिहून न्या, छापील पट्टी तुमच्या गळ्याची असेलच असं नाही.

नुसत्या कार्यक्रमांवर घर चालत नाही. शीला जॉर्डनसारखी अमेरिकन जॅझ गायिका कित्येक वर्षं दिवसा ऑफिसात टायपिंग करायची. 1978 पासून न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवू लागली. नोकरी करण्यात कमीपणा नाही. स्वतःच्या रचना असतील तर आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी मिळवून देणारी संस्था) नोंदवा, आळस करू नका.

शिकवण्या जरूर घ्या. पण विद्यार्थ्याची चूक पियानोवर वाजवून दाखवता येत नसेल, तर अजून फी घेऊ नका.