पीएच.डी.साठी नाव नोंदवण्यापूर्वी

महाराष्ट्रातील विद्यापीठांचे पीएच.डी.चे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीवर बेतलेले असतात, म्हणून विद्यापीठाच्या माहितीपत्रकाआधी ती वाचावी. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना ५ टक्के सवलत असते. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेश हवा असल्यास मात्र ७५ टक्के हवेत.

प्रवेश ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या किंवा विद्यापीठाच्या ‘पेट’ या पीएच.डी. प्रवेश परीक्षेच्या आधारे होतो. ‘पेट’मधील निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर असल्याने केवळ विषयाच्या तयारीवर विसंबू नये. त्यापुढे मुलाखत असते आणि तिला ३० टक्के भार असतो.

खरी कसोटी मार्गदर्शक आणि विषय निवडताना लागते. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, तर निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे आवडत्या सरांकडे किंवा मॅडमकडे जागा आहे का, हे अर्जापूर्वीच विचारावे. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात सापडल्यास अवश्य वाचावेत, कारण मार्गदर्शकाची शिस्त तिथे जितकी कळते तितकी ओळखीपाळखीतून कळत नाही. विषयाचे म्हणाल, तर ‘मराठी ग्रामीण कथा : एक चिकित्सक अभ्यास’ असे ऐसपैस शीर्षक घेऊन वर्षानुवर्षे चाचपडण्यापेक्षा ‘१९७२ च्या दुष्काळानंतरच्या मराठी ग्रामीण कथेतील रोजगार हमीच्या कामांचे चित्रण’ असा काळ आणि प्रश्न ठरलेला विषय घ्यावा, तो विषय तपासणाऱ्या समितीलाही पटवून देता येतो आणि मुदतीत पुराही होतो.

नोंदणीनंतर किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) कोर्सवर्क, म्हणजे संशोधनपूर्व अभ्यासक्रम, ५५ टक्क्यांनी उत्तीर्ण व्हावे लागते आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. कालावधी किमान ३ व कमाल ६ वर्षांचा असून पुनर्नोंदणीने २ वर्षे वाढवून मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षांची सवलत देता येते.

शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची आयोगाची सक्ती आता नाही, परंतु आपल्या विद्यापीठाची अट वेगळी असू शकते. प्रबंध वाङ्मयचौर्य तपासणीतून गेल्यावर मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. त्यांचे अहवाल अनुकूल आले की खुली मौखिक परीक्षा होते आणि तिथे उपस्थितांपैकी कोणीही प्रश्न विचारू शकतो.