जुन्या कॅसेटमधलं गाणं सुटं करताना: आवाज एकीकडे, खंजिरी दुसरीकडे

हिंदी चित्रपटगीतांचे कराओके ट्रॅक पैशाला पासरी मिळतात. अडतं ते कॅसेटच्या जमान्यातल्या भीमगीतापाशी, नाहीतर खंजिरी भजनापाशी. नागपुरात 14 ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी किंवा वस्तीतल्या भजन मंडळासाठी असं गाणं बसवायचं तर तयार ट्रॅक सहसा नसतोच. मूळ ध्वनिमुद्रणातून गायकाचा आवाज काढून तो घरीच करावा लागतो. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. पण त्यातली आवाज वेगळा करणारी एआय मॉडेल्स ज्या गाण्यांवर शिकतात, त्यांतला सर्रास वापरला जाणारा एमयूएसडीबी18 हा संच 150 गाण्यांचा, आणि ती बहुतेक पाश्चात्त्य पॉप-रॉक. या मॉडेलांना सहसा आवाज, ड्रम, बेस आणि ‘बाकी’ असे चारच कप्पे ठाऊक. तबला, पेटी नि खंजिरी त्यात कुठे जाऊन बसतात, हे आधी कळलं की निम्मी चिडचिड वाचते.

सुरुवात कॅसेटपासून. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. डेकचा लाइन-आउट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसू नका. तिथे आवाज फाटतो आणि बहुतेक लॅपटॉपवर तो मोनोच होतो. डेक आणि लॅपटॉप जोडणारी छोटी डबी, म्हणजे यूएसबी ऑडिओ इंटरफेस, वापरा. ऑडॅसिटी या फुकट रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये 44.1 किलोहर्ट्झवर वेव्ह (न दाबलेली) फाइल रेकॉर्ड करा आणि सर्वांत मोठा आवाजही उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. वेव्हला मिनिटाला साधारण 10 एमबी जागा लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली फाइल मात्र या कामाला घेऊच नका. दाबून लहान करताना जे सूक्ष्म नाद गेले, तेच वेगळं करायला मॉडेलला हवे असतात. उन्हाळ्यात आणखी एक काळजी: कूलर त्याच बोर्डावर असेल तर पंप चालू-बंद होताना रेकॉर्डिंगमध्ये ‘टक्’ येतं. तेवढा वेळ घाम सोसावा.

मग पट्टी तपासा. जुने डेक वेगात चुकतात, आणि वेगात सुमारे 6 टक्के फरक पडला की सूर एका पट्टीने सरकतो. पेटीवर ‘सा’ लावून बघा, दोन पट्ट्यांच्या मधे अडकला असेल तर आत्ताच वेग दुरुस्त करा. खरखर काढायचा मोह मात्र इथे आवरा. आधीच जोरदार नॉइज रिडक्शन केलं की ‘स’, ‘श’ बोथट होतात आणि मॉडेलला आवाजाची कड सापडत नाही. सफाई शेवटी.

डावी वाहिनी उजवीतून वजा करून मधला आवाज उडवायची जुनी युक्ती इथे कामाची नाही. मोनो गाण्यात दोन्ही बाजू सारख्याच, म्हणजे वजाबाकीनंतर जवळजवळ शांतता. स्टिरिओ असलं तरी मधोमध असलेला बेस आवाजासोबत जातो.

आता खरं काम. अल्टिमेट व्होकल रिमूव्हर हे आवाज वेगळा करणारं फुकट सॉफ्टवेअर उतरवा, त्यातला 30 सेकंदांचा सॅम्पल मोड चालू करा आणि गायक नि वाद्यं एकत्र वाजतात असा तुकडा दोन-तीन मॉडेलांवर टाकून बघा. पहिल्या फेरीत फक्त दोन भाग करा: आवाज आणि उरलेलं. ट्रॅकच हवा असेल तर त्यातल्या एमडीएक्स-नेट प्रकारातली ‘इन्स्ट’ नावाची मॉडेल्स आधी आजमावा. दुसऱ्या फेरीत ते ‘उरलेलं’ त्यातल्याच डेमक्सला, म्हणजे चार कप्पे करणाऱ्या मॉडेलला द्या. ग्राफिक्स कार्ड नसेल तर वेळ लागतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून आणखी रेंगाळतो, म्हणून हे पहाटे उरका.

निकाल ऐकताना दचकू नका. तबला बहुधा फुटतो: डग्ग्याची घुमक बेसमध्ये, चाटीचा ठोका ड्रममध्ये, दाय्याची आस ‘बाकी’त. तबला सबंध हवा असेल तर तिन्ही कप्पे एकत्र वाजवावेच लागतात. खंजिरीची थाप ड्रममध्ये नीट येते, तिच्या झांजा मात्र गायकाच्या ‘स’मध्ये मिसळून आवाजाच्या कप्प्यात शिरतात. सगळ्यांत त्रासदायक बासरी, सनई आणि सारंगी. त्यांची मींड माणसाच्या गळ्यासारखी, म्हणून मॉडेल त्यांना गायक समजून उचलतं आणि ट्रॅकमधली सनई मधेच गायब होते.

यावरचा उपाय सोपा आहे, तरी बरेच जण तो करत नाहीत. सुरुवातीच्या आणि कडव्यांमधल्या संगीतात गायक नसतोच. तिथे वेगळं केलेलं कशाला वापरायचं? ऑडॅसिटीत मूळ गाणं वरच्या ओळीत, ट्रॅक खालच्या ओळीत ठेवा. गायक थांबतो तिथून पुन्हा सुरू होतो तिथपर्यंत मूळ गाणंच ठेवा, आणि जोडावर 30 ते 50 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा चढू द्या. शेवटच्या शब्दाची गुंज संपल्यावरच कापा, नाहीतर भुतासारखी ‘आऽ’ मागे राहते. दोन्ही फाइली वेव्हच हव्यात. एमपी3 केली की सुरुवात किंचित सरकते आणि जोड चुकतो.

गायनाच्या ओळींखाली ट्रॅक पाण्याखालून आल्यासारखा डचमळत असेल तर काढलेला आवाज उणे 22 डेसिबलच्या आसपास परत मिसळा. समोर माणूस गात असताना तो जाणवत नाही, पण खड्डे भरतात. निर्जीव कोरा ट्रॅक मिळवण्यापेक्षा हा थोडा ‘मळका’ ट्रॅक कधीही चांगला. भजनात झीलकरी ठेवून फक्त मुख्य गायक काढायचा असेल तर त्याच सॉफ्टवेअरमधली ‘कराओके’ नावाची मॉडेल्स आहेत. मात्र सगळे एकाच सुरात, एकाच माइकवर गात असतील तर तीही हात टेकतात.

पट्टी बदलताना पाश्चात्त्य ड्रम जसेच्या तसे ठेवता येतात. तबला ‘सा’वर लावलेला असतो, त्यामुळे तोही सोबत सरकवा. दोन पट्ट्यांपलीकडे गेलात तर पेटी नाकात बोलायला लागते.

सराव घरापुरता असेल तर गोष्ट वेगळी. सभागृहात वाजवायचं असेल तर हक्कदारांची परवानगी बघा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो.

पेनड्राइव्हवर वेव्हसोबत 320 केबीपीएसची एमपी3ही ठेवा, कारण अनेक मिक्सर दुसरं काही वाचत नाहीत. आणि गाणं थेट शब्दानेच सुरू होत असेल तर ड्रमच्या कप्प्यातून खंजिरीची एक स्वच्छ थाप कापून त्याच लयीत 4 वेळा आधी जोडा. गाणाऱ्याला सम सापडते.