ज्युकी घ्यायची की घरगुती मशीन? आधी मोटर बघा

"जाड कापड शिवायचंय ना, मग मोठी मशीन घे" हा सल्ला ऐकून ऐकून कंटाळा आलाय. जाडी नंतर, आधी आपण रोज किती वेळ आणि काय शिवतो ते बघा. दिवसभर ब्लाउज, ड्रेस, परकर एकामागून एक सरळ टाक्यात काढायचे असतील तर ज्युकी (या जपानी कंपनीची, कारखान्यात चालते ती सरळ टाक्याची मशीन) किंवा तसलीच मोटरवर चालणारी पॉवर मशीन घ्या. अधूनमधून शिवता, काज, झिगझॅग सगळं एकाच मशीनवर हवंय, तर घरगुतीच बरी, कारण या सरळ टाक्याच्या ज्युकीला दुसरं काही येत नाही. गावाकडे लाईट सारखी जात असेल तर पायमशीन मोडीत काढू नका.

जागा मोजून घ्या, टेबल चार फुटी असतं आणि रोज उचलून ठेवायची ही वस्तू नाही.

आता मोटर. सगळे इथेच फसतात आणि मलाही हेच जड गेलं होतं. कारखान्यातून निघालेल्या जुन्या मशीनला बहुतेक वेळा क्लच मोटर असते, स्विच चालू केला की शिवा न शिवा ती घुंऽऽ करत फिरतच राहते, आणि पायडल जरा दाबलं की कापड हातातून पळतं. ज्युकीची डीडीएल-८७०० मिनिटाला ५५०० टाक्यांपर्यंत जाते, घरगुती मशीन हजाराच्या आसपास, मग नवशिक्याचं काय होणार! म्हणून सर्व्हो मोटरच घ्या, वेग बटणाने कमी करता येतो आणि शिवतानाच फिरते. मशीन चांगली असेल तर नुसती मोटर बदलून मिळते. जुनी मोटर थ्री फेज तर नाही ना हे विचाराच, घरात बहुतेक सिंगल फेज असतं.

दुकानदार कडक कॉटनच्या तुकड्यावर टीप मारून दाखवतो, त्यावर अजिबात जाऊ नका. आपलं कापड न्या. अस्तर लावलेल्या ब्लाउजपीसवर खडूने गोल गळा आखा, वेग सगळ्यात कमी करा आणि स्वतः शिवा. प्रत्येक दोन-तीन टाक्यांनी थांबायचं, सुई कापडात, टेबलाखालची दांडी गुडघ्याने दाबून फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचलायचं, कापड वळवायचं. खडूच्या रेषेवर थांबता आलं आणि अस्तराला चुण्या पडल्या नाहीत तरच पैसे काढा. शिवाय जीन्सची चार घड्यांची दुमडही एकदा घालून बघा.

सुया वेगळ्या लागतात, ज्युकीला गोल दांड्याची, डीबी नावाची, घरगुतीला एका बाजूने चपटी. तेल मशीनचंच, खालच्या ट्रेमधल्या खुणेपर्यंत. खोबरेल कृपा करून घालू नका, थंडीत गोठतं आणि मशीन जाम होते.