लढाऊ विमानाचं मॉडेल: या चुका टाळा, आणि झाल्याच तर मागे कुठे बघायचं

मागच्या श्रावणात खानापूरहून भाचा आला तो बुटाचं खोकं घेऊन. आत कापसावर हरिकेन, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, १/७२ मापाचं. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम सतरा सेंटिमीटर. "मामा, रंग बिघडलाय बघा. नीट मारला होता खरं," म्हणाला. आमच्या बेळगावी बोलीत हे ‘खरं’ म्हणजे ‘पण’.

ट्यूबलाइटखाली विमान तिरपं धरलं. हिरव्या-तपकिरी रंगावर दुधाची धरावी तशी पांढुरकी साय धरली होती. त्याखेरीज पंखाच्या मुळाशी पुट्टी खाली बसून बारीक चर पडला होता, आणि समोरून पाहिलं तर डावा पंख उजव्यापेक्षा वर. रंगाची तक्रार ही त्यातली सगळ्यात किरकोळ.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे साच्याचे नमुने, करतो. कास्टिंग मशीन शॉपमध्ये जातं, पहिला कट बसतो आणि आतला ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, उघडा पडतो. तो काही मशीनवाल्याने केलेला नसतो, मोल्डिंगच्या दिवशीच झालेला असतो. मॉडेलचा हिशेब तोच आहे. म्हणून इथे प्रत्येक दोषाबरोबर तो मुळात कधी झालेला असतो, तेही सांगतोय. सगळी उदाहरणं हरिकेनची आहेत, कारण मला तेच विमान सगळ्यात जवळचं आहे, आणि आमच्या भागाशी त्याचं नातंही आहे. त्यावर पुढे येतो.

रंग सोलून येतो

मास्किंग टेप (रंग लागू नये म्हणून झाकायला लावतात ती) काढताना रंगाचा पापुद्रा सोबत आला, तर रंगाला दोष देऊ नका. किट, म्हणजे मॉडेलच्या सुट्या पार्टचा संच, उघडल्या दिवशी पार्ट धुतलेले नसतात. साच्यातून पार्ट सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश प्लास्टिकवर राहू शकतो, त्यात आपल्या बोटांचं तेल. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ ब्रश, मग साध्या पाण्याने धुऊन रात्रभर सुकवायचं. गरम पाणी वापरू नका, पातळ पार्ट वाकतात.

टेपसुद्धा हार्डवेअरच्या दुकानातली तपकिरी नको. चांगली मास्किंग टेपही आधी दोनदा तळहातावर चिकटवून काढावी, म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो.

पार्ट तोडताना

मॉडेल करणारे ज्या चौकटीला ‘स्प्रू’ म्हणतात, ती आमच्या भाषेत रनर, आणि पार्ट जिथे तिला जोडलेला असतो तो गेट. गेट पिळून तोडला की पार्टच्या कडेला खड्डा पडतो किंवा प्लास्टिक पांढरं होतं. कटरने आधी एक मिलिमीटर लांबून कापा. उरलेला ठोंब ब्लेडने काढा आणि मग बारीक वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद) फिरवा.

पार्टिंग लाइनची, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली, बारीक वळी चाकांच्या दांड्यांवर आणि पंख्याच्या पात्यांवर हमखास असते. ती घासायची नाही, ब्लेडच्या पाठीने खरवडायची. घासताना गोल दांडी चपटी होते.

पंखाची फट

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हरिकेन बिघडतं ते इथेच.

मापाचं गणित आधी डोक्यात बसवा. १/७२ मध्ये अर्धा मिलिमीटर फट म्हणजे खऱ्या विमानात ३६ मिलिमीटर, दोन बोटं जातील एवढी. एवढी फट घेऊन कुठलाही वैमानिक उडाला नसता. आपल्याला ती लहान वाटते, कारण आपण मॉडेलकडे मॉडेल म्हणून बघतो.

बहुतेक छोट्या किटमध्ये पंखाची खालची बाजू सलग एक तुकडा असते आणि वरच्या बाजूचे दोन तुकडे असतात. आपण उत्साहाने ते तिन्ही चिकटवतो, दुसरीकडे धडाचे दोन अर्धे चिकटवतो, आणि दुसऱ्या दिवशी धड पंखावर बसवायला जातो. तेव्हा कळतं की मुळाशी फट आहे. मग पुट्टी. चूक मात्र आदल्या दिवशीची असते: चिकटवण्याआधी सगळं टेपने बांधून पाहिलेलं नसतं.

कोरडी जुळणी करा, गोंद न लावता. धड अरुंद पडत असेल तर आत रनरचा तुकडा आडवा टेकू म्हणून घाला, तो धडाला दोन्ही बाजूंना रेटतो. तुकडा आधी थोडा लांब कापा आणि केसभर घासत घासत मापाला आणा. तरीही फट राहिली, तर पंखाची टोकं टेपने थोडी वर ओढा, टेप एका टोकापासून कॉकपिटच्या वरून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून लावा. फट मिटली की मगच पातळ सिमेंट (प्लास्टिक मऊ करून जोडणारा पातळ गोंद) जोडावर टेकवा, ते आपोआप आत ओढलं जातं. रात्रभर हात लावू नका.

पण ओढताना हरिकेनचा आकार लक्षात ठेवा. त्याच्या पंखाचा मधला भाग सपाट असतो, चाकांच्या पलीकडचे, टोकांकडचे भाग वर उचललेले असतात. संपूर्ण पंख धनुष्यासारखा वाकला तर ते हरिकेन राहत नाही. विमान काचेवर ठेवून दोन्ही टोकांची उंची मोजा. माझ्याकडे हाइट गेज आहे, भाच्याने एक रुपयाची नाणी रचून मोजली, काम तेच झालं. शेपटीचे आडवे पंख मात्र सरळच राहतात. समोरून एक डोळा मिटून बघा.

आणि वाकडं चिकटून गेलंच असेल तर? प्लास्टिक सिमेंटचा जोड असेल तर त्याच जोडावर पातळ सिमेंट पुन्हा दोन-तीनदा फिरवा, मऊ पडला की बोथट पातं हळूच घालून उघडा. सुपरग्लूने जोडलं असेल तर तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, थंडीत तो जोड ठिसूळ होतो आणि बऱ्याचदा बोटांनी सुटतो.

गोंदात उमटलेलं बोट

पातळ सिमेंट जोडातून धावत येऊन आपल्या बोटाखाली शिरतं. बोट उचललं की पंखावर ठसा, आधार कार्डासाठी घेतात तसा. इथली खरी चूक ठसा उमटण्याची नाही, तो लगेच पुसण्याची आहे. पुसलं की मऊ झालेलं प्लास्टिक ओढलं जातं आणि रिव्हेटच्या रेघा जातात. तसंच ठेवा, एक दिवस वाळू द्या, मग ८०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून फिरवा. ठसा निघतो.

घासून सपाट केलेला जोड परत दिसतो

भाच्याच्या विमानावरचा चर हाच. पुट्टीतलं द्रावण उडून जायला वेळ लागतो आणि उडताना पुट्टी आकसते. वरून कडक झाली म्हणून घासली, सपाट केली, रंग दिला. आतली पुट्टी नंतर बसली. जाड थर एकदम भरण्याऐवजी पातळ थर दोनदा द्या, मध्ये पूर्ण दिवस जाऊ द्या. मग राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारा. प्रायमर खोटं बोलत नाही. चर दिसला तर तिथेच थांबून परत भरा, रंगाखाली तो झाकला जात नाही.

हरिकेनपुरती एक काळजी. कॉकपिटच्या मागचं धड खऱ्या विमानात कापडाने मढवलेलं होतं, आतल्या लांब पट्ट्यांचे उंचवटे कापडावरून दिसायचे. पाठीवरचा जोड घासताना हे उंचवटे सपाट करू नका. पेपर आडवा न फिरवता लांबीच्या दिशेने, अरुंद पट्टीवर चिकटवून फिरवा.

पांढरी साय

आता भाच्याची मूळ तक्रार. त्याने लॅकर (थिनर उडून झटपट वाळणारा रंग) मारला होता खानापुरात, श्रावणात. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, आणि हवेत एवढी ओल असली की ती ओल्या रंगावर दव पडावं तशी बसते आणि आतच अडकते. म्हणून रंग पांढरा पडतो. जिल्हा एकच, पण जांबोटी-खानापूरकडची हवा आणि अथणीकडची हवा यांत केवढा फरक! अथणीला जुलैत जमणारं काम खानापूरला नोव्हेंबरपर्यंत थांबवावं लागतं.

उपाय आहे. कोरडा दिवस बघा, दुपारची वेळ धरा, आणि स्लो थिनरचा किंवा रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) घातलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा त्या सायीवर मारा. वरचा थर पुन्हा ओला होतो, अडकलेली ओल निघून जाते. गाडीच्या पेंटिंगवाल्यांना हे ठाऊक असतं, गॅरेजात विचारलंत तर हाताने दाखवतील. त्यांच्याकडचा प्रायमर मात्र थेट किटवर मारू नका, त्यातलं द्रावण पातळ प्लास्टिक खाऊ शकतं. आधी रनरच्या तुकड्यावर मारून बघा.

चैत्र-वैशाखात उलटी अडचण. रंग एअरब्रशमधून निघून पंखापर्यंत पोचेतो वाळतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. रंग दुधाइतका पातळ करा, थोडं जवळून मारा, हवेचा दाब कमी करा. आणि इनॅमलवर लॅकर कधी नाही, खालचा थर सुरकुततो. लॅकरवर इनॅमल चालतं.

लाल ठिपका

हा दोष हाताचा नाही, माहितीचा आहे, आणि मला तो फटीपेक्षा जास्त खुपतो.

बेळगावजवळच्या सांबऱ्याचा विमानतळ ब्रिटिश हवाई दलाने १९४२ मध्ये बांधला. आज तिथून प्रवासी विमानं उडतात आणि शेजारी हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. ज्या युद्धासाठी ती धावपट्टी झाली, त्याच युद्धात बर्माच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाची हरिकेन लढली. १९४४ मध्ये जपान्यांनी इम्फाळला वेढा घातला, तेव्हा तिथे हवाई दलाची एक नंबरची स्क्वाड्रन हरिकेनवर होती आणि तिचं नेतृत्व अर्जन सिंग करत होते, जे पुढे हवाई दलाचे मार्शल झाले. त्याच वर्षी त्यांना डी.एफ.सी. (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं. आमच्या सीमाभागातल्या किती घरांच्या भिंतीवर पलटणीतल्या आजोबा-पणजोबांचा फोटो आहे! मॉडेल करायचंच तर मुलांनी हे विमान करावं, असं मला मनापासून वाटतं.

मग होतं काय, की किटमध्ये बहुधा १९४० च्या इंग्लंडमधल्या लढाईची चिन्हं येतात, मधोमध लाल ठिपका असलेली, आणि मुलं तीच बर्माच्या विमानाला लावतात. बर्मात लाल रंग काढून टाकला होता. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, गडबडीत आपल्याच लोकांनी आपलं विमान पाडू नये म्हणून. त्या आघाडीवरचं गोल चिन्ह गडद निळं आणि मध्ये फिकट निळं. शेपटीवरच्या पट्ट्यांतही लाल नाही.

पंखांवरचे पांढरे पट्टे पाहून कुणी ते १९४४ च्या इम्फाळच्या विमानाला देतं. ते १९४५ च्या सुरुवातीचे. आणि बंदुका मोजा: हरिकेनच्या १९४० च्या मार्क वन प्रकाराला आठ मशीनगन, मार्क टू-सीला २० मिलिमीटरच्या चार तोफा, ज्यांच्या नळ्या पंखातून पुढे आलेल्या दिसतात. उष्ण प्रदेशात पाठवलेल्या हरिकेनच्या नाकाखाली धुळीसाठी मोठा फिल्टर असे, तो किटमध्ये आहे का, हे विकत घेण्याआधीच बघा. रंग वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून राखाडी.

डेकलखालची चंदेरी चमक

मॅट रंगाचा पृष्ठभाग जवळून खडबडीत असतो. त्यावर डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायचं चिन्हांचं पातळ चित्र, बसलं की खाली हवा अडकते आणि ती चांदीसारखी चमकते. चूक डेकल लावताना झालेली नसते, त्याआधी ग्लॉस थर दिलेला नसतो तिथे असते. झालंच असेल तर बारीक सुईने चमकणाऱ्या जागी टोचा आणि डेकल सॉफ्टनर टेकवा, दोन-तीन दिवस रोज एकदा. बराचसा भाग खाली बसतो.

जुन्या किटचं डेकल पिवळं पडलं असेल तर खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवा, थोड्या दिवसांत पांढरं होतं. तुकडे पडतील अशी शंका असेल तर कापण्याआधी त्यावर क्लिअर वार्निशचा एक थर द्या.

कॉकपिटची काच

सुपरग्लूची वाफ काचेवर बसून ती धुरकट करते. काचेसाठी पांढरं फेविकॉल वापरा, वाळल्यावर पारदर्शक होतं आणि कडेला सांडलं तर ओल्या कापसाने पुसता येतं. धुरकट झालेली काच काढता येत असेल तर २००० नंबरचा पेपर पाण्यात फिरवून पॉलिशिंग कंपाउंडने घासा, मग पातळ ग्लॉस वार्निशमध्ये बुडवून कडेवर उभी सुकवा. वरून वाटी झाका, नाहीतर धूळ बसेल.

काचेवरची मास्किंग शेवटचा मॅट थर वाळल्यावरच काढायची, आधी नाही. टेपचं टोक टूथपिकने उचला, उलटं दुमडा आणि काचेला समांतर हळू ओढा. कडेला रंग उचलला जातोय असं दिसलं तर लगेच थांबा, ब्लेडच्या टोकाने फ्रेमच्या कडेने एक हलकी रेघ मारा, आणि मग दुसऱ्या बाजूने ओढायला सुरुवात करा.